मुलीला गोठा दाखवायचा आहे : पुण्याहून कुठे जावं?

निशिगंध

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून दिवसभरासाठी, फार तर एका मुक्कामासाठी, अशा ठिकाणी जायचं आहे जिथे गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या जवळून बघता येतील. आम्ही सहा जण. आम्ही दोघं, साडेचार वर्षांची लेक, नऊ वर्षांचा पुतण्या, त्याची आई म्हणजे माझी जाऊ (पाचवा महिना), आणि सासूबाई. त्या 71 वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

बेत खरं तर सासूबाईंसाठीच आहे. त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं. घरी तीन पंढरपुरी म्हशी होत्या आणि लग्न होईपर्यंत सकाळ-संध्याकाळची धार त्याच काढायच्या. परवा नातीला गोष्ट सांगताना त्यांनी दोन्ही हात पसरून शिंगांची लांबी दाखवली, तर लेक म्हणाली, ‘आजी, एवढी शिंगं कुठे असतात!’ त्या हसल्या, पण नंतर बराच वेळ गप्प होत्या. नातीनं एकदा तरी त्यांच्याशेजारी बसून धार बघावी असं मला फार वाटतं.

गेल्या वर्षी एका ठिकाणी जाऊन आलो, नाव लिहीत नाही. पिंजऱ्यात दाटीवाटीनं कोंबलेले ससे, उन्हात बांधलेला उंट, आणि फोटोसाठी मुलांच्या हातात कोंबडीची पिल्लं. लेकीच्या हातातल्या पिल्लानं मान टाकली. ती अजून मध्येच विचारते, ‘ते पिल्लू उठलं असेल का?’ पुन्हा तसं नको आहे.

रानवाट

मोराची चिंचोली. शिरूर तालुका, नगर रस्त्यानं शिक्रापूरपर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. पुण्याहून साधारण 50-55 किलोमीटर, त्यामुळे सासूबाईंना प्रवास जड जाणार नाही. गावातल्या बऱ्याच शेतकरी कुटुंबांनी कृषी पर्यटन सुरू केलं आहे. घरचं जेवण, बैलगाडी, गोठा, शेळ्या असं सगळं असतं, आणि चिंचेच्या झाडांवर मोर. मोर बघायचे तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी बाराला जाऊन ‘मोर कुठे आहेत’ विचारणारे निराश होतात. आणखी एक, जानेवारीत पिसारा पावसाळ्यासारखा भरलेला नसतो. पावसाळा संपता संपता पिसं गळतात, नवी यायला वेळ लागतो. मुलांना आधीच सांगून ठेवा.

आर्याची_आई

बारामतीकडे जायची तयारी असेल तर पळशीवाडी. महाराष्ट्रात कृषी पर्यटन ही कल्पना ज्यांनी रुजवली त्या पांडुरंग तावरे यांचं केंद्र तिथेच. जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ‘कृषिक’ प्रदर्शनही असतं आणि तिथे जनावरंही बघायला मिळतात. पण गर्दी खूप, चालणं खूप. 71 वर्षांच्या आजी आणि गरोदर जाऊबाई बरोबर असताना मी प्रदर्शनाला जाणार नाही.

गोठेवाला

ताई, मी स्वतः शेतकरी. आमच्याकडे 14 जनावरं, 30 शेळ्या, आणि सात वर्षांपासून शनिवार-रविवार पाहुणे येतात. माझ्या जागेचं नाव सांगत नाही, तो जाहिरातीचा प्रकार होईल. पण कुठेही गेलात तरी उपयोगी पडेल असं सांगतो.

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. लोक अकराला येतात, जेवतात, चारला निघतात. त्या वेळात जनावर बसून रवंथ करत असतं. पोरं म्हणतात, सगळे झोपलेत. गोठा जागा असतो तो पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेचार ते सहा-साडेसहा. वैरण टाकणं, आंबोण, वासरू सोडणं, पान्हा, धार, सगळं तेव्हाच. तुम्ही दुपारी तीनला पोचा, चहा घ्या, संध्याकाळची धार बघा, मुक्काम करा, सकाळची पुन्हा बघा आणि जेवून निघा. शनिवार-रविवार सोडून आलात तर फारच चांगलं. आम्हालाही मुलांशी बोलायला वेळ मिळतो.

फोनवर तीन गोष्टी विचारा. धार हातानं काढता की मशीननं? (बऱ्याच ठिकाणी आता मशीन आहे. सासूबाईंसाठी हातानं काढणारा गोठाच शोधा.) धारेच्या वेळी अनोळखी माणसं चालतात का? काही गाई-म्हशी परक्यांसमोर पान्हा चोरतात आणि मालकाचं नुकसान होतं. जो शेतकरी ‘दोन-तीनच माणसं, लांब बसा, बोलू नका’ असं सांगेल त्याच्याकडे डोळे झाकून जा. तिसरं, हात धुवायला नळ आणि साबण गोठ्यापाशीच आहे का?

पंढरपुरी म्हैस मात्र पुण्याकडे क्वचितच दिसेल. आमच्या भागात मुऱ्हा जास्त, तिची शिंगं वेटोळी. तलवारीसारखी सरळ, खांद्याच्या मागे जाणारी शिंगं बघायची तर पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला इकडंच जावं लागेल. आजी खोटं बोलत नव्हत्या हे लेकीला नक्की सांगा.

पशुवैद्य_प

पिल्लाबद्दल वाचून वाईट वाटलं. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा) नसतं. छातीचा पिंजरा हलला तरच श्वास चालतो. मूल प्रेमानंच घट्ट धरतं आणि पिल्लाचा श्वास अडतो. म्हणून पिल्लू मुलाच्या हातात द्यायचंच नाही. मुलानं जमिनीवर मांडी घालून बसावं, पिल्लू मोठ्यानं धरावं आणि मुलानं एका बोटानं पाठीवरून हात फिरवावा.

तुमच्या जाऊबाईंबद्दल गंभीरपणे लिहितो. थंडीत शेळ्या-मेंढ्या वितात. गरोदर बाईनं नुकत्याच व्यालेल्या किंवा गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) शेळी-मेंढीजवळ जाऊ नये, नवजात करडू उचलू नये, पडलेली वार (जार) किंवा त्या जागेची ओली वैरण हाताळू नये. त्यातून होणारे काही संसर्ग गर्भाला घातक असतात. लांब बाजेवर बसून ऊन खात बघायला काहीच हरकत नाही.

धारोष्ण दुधाचा मोह टाळा. कोल्हापूरच्या कट्ट्यावर उभं राहून पेलाभर दूध पिण्याची परंपरा मला माहीत आहे, आणि सासूबाईंनी लहानपणी तेच प्यायलेलं असणार. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) आणि क्षय दोन्ही येऊ शकतात. लहान मूल, गरोदर बाई आणि वयस्क माणूस तिघंही बरोबर आहेत. उकळूनच द्या.

मुलं आपल्या हातानं काय खायला घालतात तेही बघा. पाव, बिस्किटं, कुरकुरे नकोत. शेळीला एकदम जास्त धान्य किंवा पाव गेला की पोटात आम्लता होऊन ती दगावू शकते. हिरवा पाला किंवा मालक देईल ती वैरण, तीही तळहात सपाट ठेवून. हुरड्याच्या शेतात शिरून कोवळी ज्वारी उपटून शेळीला देऊ नका. कोवळ्या ज्वारीत विष असतं.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये असते. इथे अशा फार्मची जुनी परंपरा आहे. कॉट्सवोल्ड फार्म पार्क 1971 साली सुरू झालं, तेही दुर्मीळ होत चाललेल्या देशी जाती लोकांना दाखवण्यासाठी. आम्ही दर वर्षी मुलांना घेऊन कोकरं बघायला जातो. दर वेळी मनात येतं, आपल्याकडे डांगी, देवणी, लाल कंधारी, खिल्लार अशा गाई, उस्मानाबादी शेळी, संगमनेरी शेळी, माडग्याळ मेंढी एवढं सगळं आहे. एखाद्या केंद्रानं उंट आणि इमू आणण्याऐवजी हे नीट पाटी लावून दाखवलं तर मी सुट्टीत पहिली तिथे येईन.

हात धुण्यावर मात्र भर देते. 2009 मध्ये इथल्या एका फार्मवर आलेल्या 93 जणांना ई. कोलाय या जिवाणूची बाधा झाली, त्यांत बहुतेक लहान मुलं होती. काहींची मूत्रपिंडं बिघडली. तेव्हापासून प्रत्येक वळणावर नळ आणि साबण. सॅनिटायझर पुरत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. आणि गोठ्यात असताना मुलांच्या हातात खाऊ द्यायचा नाही, अंगठा चोखणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवायचं.

रानवाट

एक राहिलं. मुक्काम करणार असाल तर अंधार पडल्यावर मुलांना अंगणाबाहेर सोडू नका. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत उसात बिबटे आहेत. यजमान शेळ्या आत घेऊन दार लावतात तेव्हा आपणही आत जायचं.

वैरणपाणी

जानेवारी म्हणजे हुरडा! गूळभेंडी किंवा सुरती जातीच्या ज्वारीचा मिळाला तर सोडू नका, बरोबर लसणाची चटणी आणि दही. फक्त आगटीभोवती मुलांना मोकळं सोडू नका. वर राख दिसते आणि आत गोवऱ्यांचा निखारा असतो. माझ्या भाचीचा पाय असाच भाजला.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो, म्हणून लिहिते.

गोठेवाला दादांचं ऐकून मंगळवारी गेलो, दुपारी तीनला पोचलो. शिरूर तालुक्यातलंच एक घर, दोन खोल्या पाहुण्यांसाठी, चार म्हशी, दोन गाई, शेळ्या. फोनवर मालकीणबाईंनी ‘धारेला दोघंच या, लाल कपडा नको, मोबाइल नको’ असं सांगितलं तेव्हाच ठरवलं की इथेच. लाल कपड्याचं खरं-खोटं मला माहीत नाही, पण त्या म्हशीची त्यांना काळजी होती ते कळलं. जाऊबाई पूर्ण वेळ ओट्यावर बसल्या, पुतण्यानं शेळ्यांना सुबाभळीचा पाला घातला आणि सहा वेळा हात धुतले.

सासूबाईंना खाली बसता येत नाही, म्हणून मालकीणबाईंनी बुटकं स्टूल आणलं. रेडकू सोडलं, त्यानं दोन-चार ढुसण्या दिल्या, पान्हा आला. बाईंनी अर्धी धार काढली आणि मागे वळून सासूबाईंना विचारलं, ‘आजी, बघता का?’ सासूबाईंनी काहीच न बोलता पदर खोचला. पहिल्या चार-पाच वेळा नुसतंच. बोटं वळत नव्हती, संधिवात आहे. त्या म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून काहीतरी पुटपुटल्या, काय ते आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. मग चरवीत आवाज आला. लेक माझा हात घट्ट धरून उभी होती, एक शब्द बोलली नाही. ती एवढा वेळ गप्प राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

दूध उकळूनच प्यायलो. सासूबाईंनी साय बोटानं काढून नातीला दिली.

रात्री लेकीनं विचारलं, या म्हशीची शिंगं तर गोल आहेत, तुझ्या म्हशीची कशी होती? सासूबाईंनी पुन्हा हात पसरले. आता मंगळवेढ्याला त्यांच्या भाच्याकडे फोन झाला आहे, एक पंढरपुरी म्हैस अजून दावणीला आहे म्हणाला. शाळेला सुट्टी लागली की जाणार. लेकीनं शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी आत्ताच आपल्या पिशवीत ठेवली आहे.

गोठेवाला

ताई, मोजायला पुढून जाऊ नका. मालकाला दावं धरू द्या आणि बाजूनं मोजा. किती भरली ते इथे नक्की लिहा.