यूएक्स चमूला निर्णयाच्या बैठकीत जागा हवी का?

धागाकर्ता:
नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये बरीच वर्षे काम करताना मी एकच क्रम पाहत आलो आहे: विक्री विभाग सौदा ठरवतो, अभियंते वेळापत्रक आखतात, आणि सगळे ठरून गेल्यावर ‘आता जरा नीट दिसेल असे करा’ म्हणून काम यूएक्स चमूकडे, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सोपे जावे अशी त्याची रचना करणाऱ्या डिझायनरांकडे येते. माझ्या मते काय बांधायचे हे जिथे ठरते, तिथेच या चमूला जागा हवी. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचे होते आणि गेले जवळपास ९० कोटी डॉलर. मुद्दल बाहेर न जाता बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवण्यासाठी स्क्रीनवर तीन चौकटींत नोंद लागत होती. झाली एकाच चौकटीत, आणि तीन जणांच्या हातून जाऊनही चूक कोणाला दिसली नाही. ही काय केवळ रंगरंगोटीची बाब आहे?

बुटीबोरीकर:
उदाहरण ठसठशीत आहे, पण ते तुमच्यावरच उलटते. ते सॉफ्टवेअर बँकेने बाहेरून घेतलेले होते. बँकेच्या बैठकीत डिझायनर बसवून काय साधले असते? माझ्या लहान कारखान्यासाठी डिस्पॅचचे सॉफ्टवेअर करून घेतले, तेव्हा त्या कंपनीच्या डिझाइन चमूने पाच आठवडे फक्त सादरीकरणे केली. शेवटी उपयोगी सूचना आली ती गोदामातल्या माणसाकडून: हातमोजे घालून बटण दाबता येत नाही.

धागाकर्ता:
त्या माणसाला पहिल्याच आठवड्यात विचारणे, हेच तर यूएक्सचे काम! ते झाले नाही, ही तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. खरेदी हाही निर्णयच असतो. सही करण्यापूर्वी ते सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या कारकुनाच्या हाती देऊन बघा, असे सांगणारे कोणीतरी तिथे हवे.

मिहानवाला:
दोघांचेही थोडे चुकते आहे. नागपुरातल्या बऱ्याच आयटी कंपन्या परदेशी ग्राहकाचे काम ताशी दराने करतात. काय बांधायचे ते तिकडे ठरते, आपल्याकडे येते ती ठरलेली यादी. ज्या बैठकीत तुम्ही खुर्ची मागता, ती बैठक इथे भरतच नाही.

धागाकर्ता:
हे मी मांडायला हवे होते. तरीही अंदाजपत्रक इथेच तयार होते ना? त्यात वापरकर्त्यांना भेटण्याचे तास धरायचे की नाही, हे ग्राहक ठरवत नाही. आपणच ते आधी कापून टाकतो.

बुटीबोरीकर:
धरा, पण त्या तासांत माणूस गोदामात आला पाहिजे. सादरीकरणासाठी मी पुन्हा पैसे देणार नाही.