मदत हवी आहे : मालवणात घावणे-सोलकढीची गाडी सुरू करायची आहे

नमस्कार. आम्ही तिघे मित्र दिवाळीपासून मालवण परिसरात घावणे, तळलेले बांगडे आणि सोलकढी देणारा फूड ट्रक सुरू करण्याच्या तयारीत असून त्यासाठी एक जुना टेम्पो पाहून ठेवला आहे. टेम्पोची बांधणी बदलण्यासाठी आरटीओची परवानगी लागते आणि अन्न सुरक्षेची नोंदणी सक्तीची आहे, एवढे आम्हाला ठाऊक आहे. परंतु २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालील प्रमाणपत्र फिरत्या गाडीला नगरपरिषदेकडून कसे मिळते आणि तारकर्लीसारख्या ग्रामपंचायत हद्दीत नेमके कोणाकडे जावे, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

खरी काळजी पावसाळ्याची आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटकही ओसरतात, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. तेवढे दोन महिने गाडी कुडाळच्या बाजारपेठेत नेणे परवडते का? खाऱ्या वाऱ्याने पत्रा लवकर गंजतो, म्हणून आतला ओटा स्टेनलेस स्टीलचाच करावा असे माझे ठाम मत आहे. मित्रांना तो खर्च जास्त वाटतो.

शिवाय भांडवल तिघांचे समान असले, तरी पहाटे बंदरावर मासळी घ्यायला मी एकटाच जाणार आहे. अशा वेळी भागीदारीचा करार कसा लिहावा, म्हणजे शाळेपासूनची मैत्री दुखावणार नाही?