वेलनेस वेबिनार, तोही सुट्टीच्या शनिवारी

खिडकी_नं_३: तालुक्याच्या गावी बँकेत आहे. एचआरचा मेल आलाय: 'ताणतणाव व्यवस्थापन' वेबिनार, चौथ्या शनिवारी सकाळी ११ वाजता, हजेरी सक्तीची. चौथा शनिवार म्हणजे आमची सुट्टी!
रोज साडेसहाला व्हिडिओ रिव्ह्यू असतो. ज्याच्या विमा पॉलिसी कमी, त्याला सगळ्यांदेखत झाडतात. पाच जणांचं काम आम्ही तिघं ओढतो. लाडकी बहीणचं आधार लिंकिंग आलं तेव्हा शटर उघडायच्या आधीच रांग रस्त्यावर. त्यातच पेन्शन काढायला आलेल्या आजींच्या गळ्यात पॉलिसी मारायची. टार्गेट तेच, माणसं तेवढीच आणि वर प्राणायाम शिकवणार, ही शुद्ध धूळफेक आहे.

जुना_लेजर: राग मानू नका, पण तुमची पिढी फार लवकर हात टेकते. आम्ही सहामाही क्लोजिंगला पंधरा पैशांच्या फरकापायी रात्र रात्र बसलोय. पगार हवा तर धंदा आणायलाच लागतो.

खिडकी_नं_३: साहेब, पंधरा पैसे सापडले की तुम्ही सुटलात. आमचं टार्गेट पुरं झालं की पुढच्या तिमाहीत वाढतं. कॅरासेक नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्येच मांडलंय: बोजा मोठा आणि काम कसं करायचं ते ठरवायची मुभा नाही, अशा ठिकाणी माणूस सगळ्यात जास्त पिचतो. तुमचा रिजनल मॅनेजर चाळीस जणांसमोर 'लाज वाटते का' विचारायचा?

जुना_लेजर: विचारायचा, पण केबिनचं दार लावून. (दुसऱ्या दिवशी युनियनचा सेक्रेटरी त्याच केबिनमध्ये बसलेला असायचा, हेही खरं.)

एचआरवाली: सुट्टीच्या दिवशी वेबिनार हा मूर्खपणाच. पण समुपदेशनाला धूळफेक म्हणू नका. आमच्याकडच्या एका मुलाची झोप पार उडाली होती. त्याने टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ला फोन केला, तिथून पुढे डॉक्टर गाठले. टार्गेट बदलेपर्यंत त्याने काय करायचं होतं? आणि सगळाच ताण ऑफिसचा नसतो. गृहकर्जाचा हप्ता, घरातलं आजारपण, सगळं एकत्रच येतं.

वर्कशॉपवाला_भोसरी: नोकरदारांचे लाड पुरे. माझ्याकडे बारा माणसं. रात्री दहाला परचेसवाल्याचा व्हॉट्सॲप येतो, सकाळी पार्ट हवा. सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये 'डिस्कनेक्ट'चं, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचे फोन-मेल न घ्यायच्या हक्काचं, खासगी विधेयक आणलं होतं. ते झालं असतं तर मी दुकान बंदच केलं असतं. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली, ते मला सोयीचं आहे. मात्र बाराव्या तासाला पॉवर प्रेसवर माणूस ठेवायची माझी छाती होत नाही.

मेलबर्नकर: दुकान बंद होत नाही हो. इथे ऑस्ट्रेलियात हा हक्क ऑगस्ट २०२४ पासून आहे, पंधरापेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्यांना वर्षभर उशिराने लागू झाला. मालकाला फोन करायला बंदी नाही, कामगाराला वेळेनंतर न उचलायची मुभा आहे, तीही नकार वाजवी असेल तरच. धाग्याच्या विषयाशी जास्त जवळचं म्हणजे व्हिक्टोरिया राज्याचे डिसेंबर २०२५ पासूनचे नियम. कामातला मानसिक धोका आधी कामाची पद्धत बदलून कमी करायचा, नुसत्या माहिती-प्रशिक्षणावर भागवता येत नाही. तुमचा वेबिनार इथे एकटा पुरला नसता.

जुना_लेजर: तिथे लोकसंख्या किती, इथे किती! एका जागेला हजार अर्ज येतात.

खिडकी_नं_३: म्हणूनच तर कुणी तोंड उघडत नाही. @एचआरवाली, समुपदेशकाशी बोललेलं साहेबांपर्यंत जात नाही याची लेखी हमी तुमच्याकडे असते? आम्ही विचारलं तर 'विश्वास ठेवा' एवढंच उत्तर मिळालं.

एचआरवाली: आमचा समुपदेशक बाहेरच्या संस्थेचा आहे. आमच्याकडे महिन्याला फक्त आकडा येतो, नावं नाहीत, आणि ते करारात लिहिलंय. तुमच्याकडे नसेल तर लेखी मिळेपर्यंत बोलू नका, १४४१६ वापरा. आणि त्या शनिवारची बदली सुट्टी मेलवरच मागा, फोनवर नको.