अनुभव धागा : थीम पार्कची सहल, मुक्काम बाहेर, मग दुपारचं काय करता?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सोलापुरात घरोघरी एकच चर्चा असते. हैदराबादची रामोजी फिल्म सिटी, हैदराबाद-बंगळुरूचं वंडरला की खोपोलीजवळचं इमॅजिका? तिकीट, गाडीभाडं, हॉटेल यावर सगळे भरभरून बोलतात, दुपारबद्दल मात्र कुणी बोलत नाही. एरवी मे महिन्यात बारा ते चार आपण उंबरा ओलांडत नाही. तिकीट काढलं की मात्र त्याच वेळेला लेकरांना उन्हात रांगेत उभं करतो, कारण पैसे वसूल झाले पाहिजेत.

आतच उतरणाऱ्यांचा प्रश्न सोपा आहे. रामोजीत सितारा आणि तारा ही हॉटेलं आहेत, बंगळुरूच्या वंडरलाचं स्वतःचं रिसॉर्ट आहे. जेवलं, खोलीवर गेलं, पडलं. पण आजी-आजोबांसह सात-आठ माणसांचं कुटुंब घेऊन जाणारे आपल्यातले बरेचजण बाहेरच्या लॉजवर उतरतात. त्यांनी दुपारी खोलीवर यावं का? आलं तर परत जाणं होतं का? आणि खोली दूर असेल तर विसावा घ्यायचा कुठं? तुमचे अनुभव सविस्तर लिहा, नावाच्या जागी सोलापुरातला आपला भाग लिहिला तरी चालेल. नुसतं 'छान झाली ट्रिप' नको. दुपारी किती वाजता निघालात, गेटपासून खाटेपर्यंत किती वेळ लागला, संध्याकाळी लेकरं कशी होती, ते लिहा.

सुरुवात मीच करते. इमॅजिकाला जाताना लोणावळ्यात हॉटेलं भरपूर दिसतात आणि मन तिकडंच ओढतं. पण पार्क घाटाच्या खाली, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी घाट चढून खोलीवर जायचं आणि पुन्हा उतरायचं म्हणजे विसाव्याचा सगळा वेळ गाडीतच जाणार. म्हणून आम्ही खोपोलीतच साधा लॉज घेतला. सकाळी गेट उघडायच्या आधी पोचलो, मोठ्या राइड्स आधी उरकल्या आणि एकच्या सुमाराला बाहेर पडलो. खोलीवर शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी होती. धाकटी भाकरीचा तुकडा हातात धरूनच झोपली, चटणीचं तिखट बोटांना तसंच. चार वाजता उठवलं तर स्वतःहून बूट घालून दारात उभी. संध्याकाळी गर्दी ओसरली होती, सकाळी ज्या रांगेला हात जोडले होते त्या रांगेत झटकन नंबर लागला. माझं मत पक्कं आहे. मुक्काम बाहेर असेल तर हॉटेल भाड्यावरून निवडू नका, गेटपासूनच्या वेळेवरून निवडा.

सैफुल, जुळ्यांची आई

आमची दोघं अडीच वर्षांची होती तेव्हा गेलो होतो. या वयात दुपारची झोप चुकली की संध्याकाळ हातातून गेलीच म्हणून समजा. आम्ही पाळीपाळीनं गेलो. सकाळी सगळे आत, साडेबाराला मी आणि सासूबाई दोघांना घेऊन खोलीवर, आणि मोठा मुलगा बाबांबरोबर आतच. सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं असा हट्ट धरू नका. मोठ्या लेकराला दुपारी झोप नको असते, त्याला जबरदस्तीनं खोलीत डांबलं तर तो बिचारा भिंतीकडं बघत बसतो.

एक महत्त्वाचं. बाहेर पडायच्या आधी गेटवर विचारा की त्याच तिकिटावर परत आत घेतात का. काही ठिकाणी हातावर शिक्का मारतात, काही ठिकाणी एकदा बाहेर पडलं की संपलं. एका पार्कात आमच्यासमोरच एक कुटुंब बाहेरच्या बाजूला अडकलं होतं, आजोबा हातात औषधाची पिशवी घेऊन उभे. तिकीट घ्यायच्या खिडकीवरच हा प्रश्न विचारायचा.

शेळगी, गाडीवाला

मी इर्टिगा चालवतो, सुट्ट्यांत हैदराबादच्या भरपूर ट्रिपा असतात. माझं बघणं वेगळं आहे, कारण मी आत जात नाही. मी लोकांना सकाळी सोडताना बघतो आणि संध्याकाळी घेताना बघतो. दुपारी विसावा घेतलेली फॅमिली संध्याकाळी गप्पा मारत गाडीत बसते. न घेतलेली फॅमिली भांडत बसते. नवरा-बायकोचं, सासू-सुनेचं सगळं त्या पार्किंगमध्येच निघतंय ओ.

आता जागेप्रमाणं सांगतो. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत आपण संगारेड्डीकडून हैदराबादला येतो. रामोजी शहराच्या पार पलीकडं, विजयवाड्याच्या रस्त्याला आहे. म्हणून गावात न शिरता पटनचेरूला बाहेरचा रिंग रोड धरायचा आणि पेद्दा अंबरपेटला उतरायचं. रामोजीत आपली गाडी बाहेरच थांबते, तिथून त्यांची बस आत नेते. म्हणजे दुपारी परत यायचं तर आधी त्या बसची वाट बघा, मग गाडी, मग हायवे, मग लॉज. पोचेपर्यंत लेकरू गाडीतच झोपलेलं असतं आणि त्याला उचलून वर नेताना जागं होतं. म्हणून रामोजीला दुपारी बाहेर पडू नका असंच मी सांगतो.

हैदराबादच्या वंडरलाचं तसं नाही. २०१६ साली सुरू झालेलं ते पार्क रिंग रोडला लागून, रविर्यालाला आहे. शमशाबादकडं, विमानतळाच्या बाजूला लॉज घेतला तर रिंग रोडनं झटकन जाणं-येणं होतं. तिथं दुपारी खोलीवर जाऊन यायला काही हरकत नाही.

एवढं करा, ड्रायव्हरला सकाळीच सांगा की दुपारी निघणार आहे. रात्रभर गाडी मारून आलेला माणूस तुम्ही आत गेल्यावर झोपतो. अचानक फोन आला तर तो तसाच उठून स्टीअरिंगवर बसतो, हे तुमच्यासाठी पण चांगलं नाही. आणि आयत्या वेळी टॅक्सी बोलवू म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, शहराबाहेरच्या गेटवर भर दुपारी गाडी मिळायला वेळ लागतो.

दमाणीनगर, निवृत्त

वर दुपारी खोलीवर जाण्याबद्दल बरंच लिहिलं आहे, म्हणून एका म्हाताऱ्याचंही ऐका. मला खोलीवर जायचं नसतं. एकदा बूट काढून आडवं झालं की संध्याकाळी पुन्हा निघायला गुडघे तयार होत नाहीत. मग घरचे म्हणतात, 'तुम्ही थांबा, आम्ही जाऊन येतो', आणि लॉजच्या खोलीत टीव्हीसमोर माझी संध्याकाळ जाते. नातवंडांबरोबर आलोय तर मला त्यांच्या आवाजात राहायचं आहे.

मला आतच सावलीतलं बाकडं द्या, पाण्याची बाटली द्या, शेजारी स्वच्छतागृह असू द्या. रामोजीत सेट दाखवणारी बस उघडी असते, ती सकाळी करावी. दुपारी बंदिस्त जागेतले, बसून बघायचे शो धरावेत. एका शोमध्ये माझा छान डोळा लागला, कुणाला कळलंसुद्धा नाही. इमॅजिकातही 'आय फॉर इंडिया' हा पडद्यावरचा खेळ आत बसून, पाय अधांतरी सोडून बघायचा आहे. भर उन्हाला असं काहीतरी राखून ठेवावं. जेवणही दीड वाजता सगळ्यांबरोबर नको. साडेअकराला किंवा अडीचला घेतलं तर बसायला टेबल मिळतं, आणि पंख्याखाली तासभर बसलेल्याला कुणी उठवत नाही.

अशोक चौक

आमचे अर्धे नातेवाईक हैदराबादला, त्यामुळं लॉजचा प्रश्नच नसतो, दिलसुखनगरला आत्याकडं उतरतो. पण नातेवाइकांचं घर म्हणजे दुपारी तासाभराचा विसावा नव्हे. आत्या सकाळपासून पप्पू (डाळ), गोंगुरा (अंबाडी), दोन भाज्या करून वाट बघत असते. पान वाढलं की शेजारच्या दोन वहिनी येतात, मग चहा, आणि संध्याकाळी परत जायचं नावच निघत नाही. आत्याचा जीव मोडायचा नाही आणि लेकरांचं पार्कही बुडवायचं नाही, म्हणून आता आम्ही दोन दिवस वेगळे ठेवतो. एक दिवस फक्त पार्क, दुपारी आतच. दुसरा दिवस फक्त आत्याचा.

होटगी रोड

आम्ही कॉलेजची पोरं. दुपारी विसावा वगैरे काही नाही, उलट लोक जेवायला गेले की रांगा कमी होतात.

विजापूर रोड, मुलगा अमेरिकेत

फ्लोरिडात मुलाबरोबर डिस्ने वर्ल्डला गेलो होतो. त्यांनी जवळच्या किसिमी गावात घर भाड्यानं घेतलं होतं. तिकडं याच प्रश्नाचा लोक आधीपासून हिशोब मांडतात. डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत, त्यांत मॅजिक किंगडम सगळ्यात जुनं, १९७१ पासूनचं. तिथं गाडी लावली की लगेच गेट येत नाही. वाहनतळापासून एका मोठ्या स्थानकावर जायचं, तिथून मोनोरेल किंवा तलावातली बोट, मग पार्क. परतीलाही तेच. बाहेर राहणाऱ्याने दुपारी घरी जाऊन यायचं ठरवलं तर जाण्यायेण्यातच दोनेक तास सहज जातात. म्हणून त्या दिवशी आम्ही आतच राहिलो. 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' नावाचा खेळ आहे, वातानुकूलित सभागृहात वीसेक मिनिटं खुर्चीत बसायचं आणि सभागृहच फिरतं. सून म्हणाली, आई, इथं जरा टेका. तान्ह्या बाळांसाठी वेगळी खोलीही असते, दूध पाजायला, कपडे बदलायला.

अॅनिमल किंगडमला गाडी त्या मानानं जवळ लागते, मध्ये मोनोरेल-बोटीची भानगड नाही. त्या दिवशी मात्र दुपारी घरी आलो. पार्किंगचे पैसे दिवसातून एकदाच भरायचे, तीच पावती दुसऱ्या खेपेला चालते. नातीची ढकलगाडी भाड्याची होती. जाताना ती परत केली, पावती जपून ठेवली आणि संध्याकाळी त्याच पावतीवर दुसरी मिळाली. उन्हाळ्यात तिकडं दुपारी विजा कडाडत पाऊस येतो आणि बाहेरच्या राइड्स थांबवतात. आम्ही झोपेत असताना तो पाऊस येऊन गेला. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सकाळी अर्धा तास आधी आत सोडतात. आपल्याला ती सोय नाही, म्हणून गेट उघडताना तरी तिथं हजर असावं.

जुळे सोलापूर (धागा काढणारी)

काकू, पावतीचं फार उपयोगी सांगितलंत. हीच गोष्ट आपल्याकडंही प्रत्येक पार्कात विचारून घ्यायला हवी. पार्किंग, लॉकर, पोहण्याचे भाड्याचे कपडे, यातलं काय परत आल्यावर चालतं आणि कशाचे पुन्हा पैसे द्यावे लागतात.

नवी पेठ

सिंगापूरचा अनुभव. युनिव्हर्सल स्टुडिओ सेंटोसा बेटावर आहे, आम्ही लिटल इंडियात उतरलो होतो. नकाशात लांब वाटतं, पण सेंटोसाची छोटी रेल्वे हार्बरफ्रंटला सोडते आणि तिथून जांभळ्या मार्गाची मेट्रो गाडी न बदलता थेट लिटल इंडियाला. बेटावर जाताना त्या छोट्या रेल्वेला पैसे पडतात, परतताना फुकट. दुपारी खोलीवर येऊन इडली-भात खाल्ला, लेकरं झोपली, पाचला परत. किती किलोमीटर हे बघू नये, किती वेळा उतरून-चढून जावं लागतं ते बघावं.

भवानी पेठ

चेक-आउटचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. हॉटेलची खोली अकरा-बाराला सोडायची असते आणि आपला विसावा एकला सुरू होतो. शेवटच्या दिवशी पार्क ठेवलं तर दुपारी खोलीच नाही. सामान गाडीत आणि लेकरं सामानावर. म्हणून आम्ही पार्क मधल्या दिवशी ठेवतो. किंवा चोवीस तासांच्या हिशोबाचा लॉज बघतो, म्हणजे संध्याकाळी उतरलो तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत खोली आपली. रात्रीच्या गाडीनं पोचणाऱ्यांची उलट अडचण, पहाटे उतरतात तेव्हा खोली तयार नसते. मग तोंड धुऊन थेट पार्क, आणि लेकरं दुपारी बारालाच मान टाकतात. शक्य असेल तर आदल्या रात्रीची खोली घ्यावी. त्या पैशांत अख्खा दिवस चांगला जातो.

बाळीवेस

दिवाळीनंतर रामोजीला निघालोय. आई सत्तरीची, गुडघ्याचं दुखणं. मुलगी चार वर्षांची. लॉज एल. बी. नगरला बघितलाय कारण तिथं मेट्रो आहे. दुपारी आईला खोलीवर आणावं का?

जुळे सोलापूर (धागा काढणारी)

मेट्रो एल. बी. नगरलाच संपते, रामोजी तिथून पुढं बरंच लांब, त्यामुळं मेट्रोचा तुम्हाला उपयोग नाही. बुकिंग बदलता येत असेल तर हयातनगर किंवा पेद्दा अंबरपेटच्या बाजूला बघा. तरीही वर गाडीवाल्या दादांनी सांगितलंय तसं आतली बस मध्ये असल्यामुळं दुपारी बाहेर पडू नका. आईंना आधी विचारा, दमाणीनगरच्या काकांसारखं त्यांचंही मत असू शकतं. सकाळी बसची फेरी, साडेअकराला जेवण, मग बंदिस्त शो. मुलीला झोप आली तर शोमध्येच मांडीवर घ्या, अंगावर टाकायला पातळ चादर ठेवा, आत एसी जोरात असतो. आईंना संध्याकाळपर्यंत थांबणं जमणार नाही असं वाटलं तर तुमच्यातला एकजण त्यांच्याबरोबर चार वाजता कायमचाच निघू द्या, परत यायचं ओझं ठेवू नका. तसं असेल तर गाडी दोन खेपा करील का, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या.