गोळी आहे, पण केमो नव्हे

वडिलांना मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी 'केमोची गोळी', पझोपॅनिब, सुरू होणार असं तुम्ही लिहिलंय, म्हणून थोडी भर घालते. ही केमो नाही. मूत्रपिंडाच्या नेहमी आढळणाऱ्या (क्लिअर सेल) कर्करोगाला नेहमीची केमो फारशी दादच देत नाही. या पेशींत बहुतेकदा व्हीएचएल जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे प्राणवायू कमी पडतोय अशी खोटी हाकाटी चालू राहते आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. गोळी ती रसद तोडते. गाठ आटोक्यात राहते, पण समूळ जाणं दुर्मीळ, हे घरात स्पष्ट बोला. हल्ली बऱ्याच जणांना सुरुवातीपासून इम्युनोथेरपीही (शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार) देतात; वडिलांना ती चालेल का, हे नक्की विचारा.

गोळी उपाशीपोटीच घ्यायची, जेवणाआधी किमान एक तास किंवा नंतर दोन तासांनी. रक्तदाबाची वही ठेवा. माझ्या काकूंचा रक्तदाब सुरुवातीलाच चढला, वहीमुळे तो लगेच लक्षात आला. पुढे त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या; औषधाचाच परिणाम, घाबरू नका. यकृताच्या तपासण्या मात्र चुकवू नका. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

खर्चाचं म्हणाल, तर जेनेरिक मागायला अजिबात संकोचू नका. याच आजारावरच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार होता. २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नॅट्को या भारतीय औषध कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय तेच औषध बनवायची मुभा) दिला आणि तो ८,८०० वर आला.