पेट-सीटीतील श्वासाची गफलत

पेट-सीटी तपासणीत फुप्फुसाच्या तळाशी दिसलेली गाठ प्रत्यक्षात यकृतात असू शकते का, या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. या तपासणीत दोन चित्रे एकमेकांवर ठेवतात: क्ष-किरणांनी शरीराची रचना दाखवणारी सीटी आणि शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी औषधाचे किरण टिपणारी पेट. सीटी काही सेकंदांत उरकते, पेटला मात्र शरीराच्या दर भागासाठी दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणजे ती चालू श्वासातच टिपली जाते. त्यामुळे सीटीच्या वेळी रुग्णाने दीर्घ श्वास रोखला, तर यकृत खाली सरकलेले टिपले जाते. मग पेटमधली यकृताच्या माथ्याची गाठ सीटीतील फुप्फुसावर पडलेली दिसते. शिवाय शरीरातून बाहेर येताना शोषल्या गेलेल्या किरणांची भरपाई त्याच सीटीवरून होत असल्याने तिथे हवेचे फुप्फुस धरून ती कमी होते आणि यकृताच्या माथ्यावर केळ्याच्या आकाराचा फिकट पट्टा उमटतो. श्वासाच्या टप्प्यांनुसार पेटच्या नोंदी वेगळ्या करता येतात, पण मग प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला कमी किरण येऊन चित्र खरखरीत होते. माझ्या मते सीटी उथळ, संथ श्वासातच घ्यावी आणि शंका आल्यास भरपाई न केलेली पेट-चित्रे पाहावीत. तिथे तो पट्टा नसतो.