ड्रेपरी, झोळ, चुणी आणि 'छायाप्रकाश'

– जर्मन चित्रकार ड्युररच्या १५०८ मधल्या जोडलेल्या हातांच्या रेखाटनाखाली मराठी ओळ द्यायची आहे. बाहीच्या ड्रेपरीला, म्हणजे चित्रातल्या कापडाच्या पडण्याला, 'सुरकुत्या' चालेल? आणि किआरोस्कुरोला, म्हणजे उजळ-गडद छटांनी उठाव देण्याला, 'छायाप्रकाश'?

– सुरकुत्या नकोत. सुरकुती कापड चुरगळलं की कुठेही पडते. ड्रेपरीतली प्रत्येक रेषा मात्र ताणातून येते. दोन टोकांना अडकलेलं कापड मध्ये खाली येतं, तो 'झोळ'. खांद्यावरून सरळ लोंबतात त्या 'वळ्या'. कोपर वाकल्यावर आतल्या बाजूला दबतात त्या 'चुण्या'. 'निरी' इथे बाद, ती हाताने मोजून घातलेली.

– सबंध प्रकाराला 'वस्त्राभ्यास' म्हणावं. लिओनार्दो मातीच्या आकृत्यांवर पातळ चिखलात भिजवलेल्या चिंध्या पांघरून तागाच्या कापडावर रेखाटत असे, असं त्याचा चरित्रकार वसारी लिहितो. वाळलेली वळी जागची हलत नाही, सावकाश काढता येते. पण आकृती लहान नि चिंधी जाड असेल तर वळ्या घोंगडीसारख्या दिसतात!

– वस्त्राभ्यास ठीक. वर्गात मात्र सगळे ड्रेपरीच म्हणणार.

– 'छायाप्रकाश' बरोबर आहे, पण अपुरा. इटालियन शब्दातही उजळ आणि गडद असे दोनच भाग. या रेखाटनात छटा तीन आहेत, कारण कागदाला आधी निळा रंग दिलेला आहे. मधल्या छटेला आपल्याकडे शब्द तयार आहे: 'जमीन'. साडीची असते तीच. गडद भाग कुंचल्याच्या बारीक रेघांनी, वळीच्या गोलाईने जाणाऱ्या. पांढरा सर्वांत शेवटी, फक्त वळीच्या माथ्यावर. दोहोंमध्ये जमीन उघडी राहिली पाहिजे. पांढरा ओल्या गडदात शिरला की दुधाळ होतो आणि वळी चपटी पडते.

– पांढऱ्या हायलाइटला 'उजाळा' म्हणू?

– नको, उजाळा भांड्यांना आणि आठवणींना. हायलाइटच राहू द्या. जुन्या चित्रांत तो काळा दिसला तर चित्रकाराची चूक समजू नका. शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकयुक्त वायूने काळवंडतो, आणि वळीचा माथाच खाच वाटू लागतो.

– एक भेद राहिला. वळीची उजेडाकडे पाठ असलेली बाजू ती 'छाया', तिची कड हळूहळू विरते. तीच वळी शेजारच्या कापडावर टाकते ती 'पडछाया', तिची कड वळीलगत धारदार. दोन्हींना 'सावली' म्हटलं की शिकणारा दोन्ही कडा सारख्याच घासतो, आणि कापडाचा पत्रा होतो.